सायकलचा डवरा: पास उड्या मारते, फोर्क तडकतो

पऱ्हाटीवाला:
२२ इंची काळ्या सायकलचं पुढचं चाक, फोर्क अन् हँडल घेऊन एकचाकी डवरा (पिकाच्या ओळींमधलं तण काढायचं अवजार) केला आहे. सोयाबीनचे तास (ओळी) १८ इंचावर, पऱ्हाटी (कपाशी) ३ फुटांवर. पास (तण कापणारं आडवं पातं) १२ इंची, एक्सलच्या २० इंच मागे. पास उड्या मारते, फोर्कवरचं वेल्डिंग तडकते अन् पाऊस झाला की चाक मातीनं जाम. काय बदलू?

वेल्डिंगवाला_वर्धा:
फोर्कची नळी पातळ असते. वेल्डिंगच्या रॉडनं जळते, वरून सगळा ताण त्याच सांध्यावर. तिथं वेल्डिंग मारूच नका. ३० बाय ५ मिमीची लोखंडी पट्टी दोन्हीकडून एक्सलच्या नटाखाली दाबा, मागं नेऊन आडव्या तुकड्यानं जोडा, तिथून दोन पट्ट्या तिरप्या वर नेऊन हँडलच्या पाइपाला यू-क्लॅम्पनं आवळा. पासेचे दोन पाय या पट्ट्यांना बोल्टनं लावायचे, चाकाच्या अल्याड-पल्याड. पायांना एकेक इंचावर भोकं पाडा, म्हणजे खोली बदलता येते.

पास एक्सलच्या १० इंच मागंच आणा. हँडल एक्सलपासून चार फुटांवर असलं तर ते अडीच इंच हललं की पास अर्धा इंच हलते. तुमची २० इंचांवर आहे, म्हणून दुप्पट. उड्यांचं अर्धं कारण हेच.

धुऱ्यावरचा:
उरलेलं अर्धं पासेच्या रुंदीत अन् धारेत. १८ इंचांत दोन्हीकडं चार-चार इंच सोडले की १० उरतात, पण काळ्या मातीत माणसाच्या जोरानं ८ इंचीच चालते. पऱ्हाटीत एका ओळीत दोन-तीन फेरे मारा. पास कमानपाट्याची (गाडीच्या स्प्रिंगच्या पट्टीची) करा, धार लावून ठेवा, जमिनीशी १५ ते २० अंश कल ठेवा. कल कमी झाला की ती वर येते, जास्त झाला की रुतते अन् ढकलणारा हँडलवर आपटतो. हँडल कमरेएवढं, छातीशी आलं की जोर चाकावर जातो.

माती भरण्याला उपाय एकच: वाफसा येईपर्यंत (चिखल सुकून माती नुसती ओलसर होईपर्यंत) डवरा धुऱ्यावर (बांधावर) ठेवा. मडगार्ड अन् ब्रेक काढून टाका, टायर मात्र राहू द्या. नुसती रिम भुसभुशीत जागी रुतते. बाभळीच्या काट्यांचं पंक्चर नको तर टायरात हवेऐवजी जुन्या ट्यूबांचे तुकडे ठासून भरा.

पऱ्हाटीवाला:
या डवऱ्याला दोरी बांधून सोयाबीनला मातीची भर देता येईल का?

धुऱ्यावरचा:
नाही. जानकुळाला (पास धरणाऱ्या दांड्यांना) दोरी बांधून सरी पाडणं बैलांच्या डवऱ्याचं काम, माणसाला ती ओढ झेपत नाही. यानं दोन-चार पानांचं तण कापायचं, तेही फुलोऱ्याच्या आत. लव्हाळा कापला तरी गाठीतून पुन्हा फुटतो, त्याला हातानं निंदणच लागते.

जळगाव जिल्ह्यातल्या शेंदुर्णीच्या गोपाळ मल्हारी भिसे यांचं ‘कृषिराजा’ हे सायकलचं अवजार याच धर्तीचं आहे. पट्ट्या कापण्याआधी त्याचे फोटो पाहून घ्या.