धंद्याला लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन की आपला नेहमीचा मिस्त्री?

केळीवाला_रावेर
मंडळी, रावेरजवळ आपले केळी पिकवायचे चार चेंबर आहेत, अजून दोन वाढवतोय म्हणजे कॉम्प्रेसर, पंखे, नवीन पॅनल आणि लोडही वाढवून घ्यायचा. जळगावचा लायसन्सवाला कॉन्ट्रॅक्टर माल सोडून नुसत्या कामाचे १ लाख १० हजार सांगतोय आणि गावातला मिस्त्री, जो बारा वर्षं माझं सगळं बघतो, तो ४५ हजारात करून देतो म्हणे. मिस्त्री रात्री दोनला फोन केला तरी गाडी काढून येतो हेही खरं. पण मागच्या मे महिन्यात दोन नंबरच्या चेंबरच्या लाईनचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडतो तो स्विच) सारखा पडायचा तर त्याने ३२ अँपियरचा काढून ६३ चा ठोकला आणि म्हणाला आता नाही पडत. खरंच नाही पडला. वायर मात्र तीच, ६ स्क्वेअर एमएमची. परवा वायरिंगची पट्टी उघडली तर वायरीवरचं प्लास्टिक तपकिरी होऊन कडक झालेलं, बोटाने दाबलं आणि तुकडा हातात आला. तेव्हापासून झोप उडालीये. माझं तर मत झालं की धंद्याला लायसन्सवालाच पाहिजे. बोला.

जिनवाला_चोपडा
लायसन्सचं कौतुक मला सांगू नका भो. मी घेतला होता लायसन्सवाला. पहिल्या दिवशी साहेब स्वतः आले, चहा घेतला, टेप लावून मापं घेतली, नंतर थेट बिल द्यायलाच उगवले. मधलं सगळं काम दोन पोरांनी केलं, त्यातल्या एकाला मोटर चालू करायच्या स्टार डेल्टा स्टार्टरची जोडणी माझ्याच मिस्त्रीने शिकवली. काम तपासल्याच्या टेस्ट रिपोर्टवरची सही तर काही जण जागा न बघता देतात, पैसे मोजले की झालं. माझा मिस्त्री आठवी नापास आहे पण मोटरच्या नुसत्या आवाजावरून सांगतो की एक फेज गेलाय. सीझनला कापसाच्या गाड्या गेटवर उभ्या असतात तेव्हा 'मी शे ना भाऊ' म्हणणारा माणूस लागतो, फ्रेममधला कागद नाही.

नंदुरबारी_मिरची
एमएसईबीच्या वायरमनला सांगा ना, ड्युटी सुटली की करतो.

तारतंत्री
मिरचीवाले भाऊ, तो मीटरपर्यंतचा माणूस, त्याला तुमच्या पॅनलमध्ये घालू नका, उद्या काही झालं तर तो म्हणेल मी तिथे नव्हतोच.

मी स्वतः परमिटवाला आहे, आयटीआयची दोन वर्षं करून मग परीक्षा दिलेला, म्हणून सांगतो. लोक सगळ्यालाच लायसन्स म्हणतात पण कागद तीन आहेत. वायरमनचं परमिट वेगळं, सुपरवायझरचं सर्टिफिकेट वेगळं आणि कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स वेगळं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत सरळ लिहिलंय, २०१० च्या नियमांत होतं आणि २०२३ च्या नव्यातही आहे, की नवीन फिटिंग, वाढीव काम, दुरुस्ती लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरनेच करायची आणि तीही सर्टिफिकेटवाल्या माणसाच्या देखरेखीखाली. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं याला सूट आहे. चेंबर वाढवणं त्यात बसत नाही.

आणि जिनवाले, सही विकणारे आमच्या धंद्यात आहेत, मी नाही कशाला म्हणू. पण त्याचा अर्थ सही नकोच असा कसा होतो? एवढं विचारायचं की सुपरवायझर कोण आणि तो साईटवर कोणत्या दिवशी उभा राहणार.

डाळमिल_जळगाव
मला त्या ६३ च्या एमसीबीवर बोलायचंय. एमसीबी वायरीला वाचवायला असतो, मशीनला नाही. वायर चाळीस अँपियरच्या आसपास झेपणारी आणि एमसीबी ६३ चा, म्हणजे आधी वायर जळणार आणि मग वाटलं तर तो पडणार. त्यात केबलचे ते आकडे ४० डिग्री हवेचे धरलेले असतात, आपल्याकडे मे महिन्यात सावलीत ४४-४५ आणि पत्र्याखाली विचारूच नका, म्हणजे लोड अजून कमी धरावा लागतो. तुमच्या मिस्त्रीने तुमचं काम नाही केलं भाऊ, तुमची तक्रार बंद केली.

दुसरं, एमआयडीसीत आमच्या शेजारच्या युनिटला आग लागली तेव्हा विम्याच्या सर्व्हेअरने काय मागितलं तर टेस्ट रिपोर्ट आणि काम कोणी केलं त्याचं लायसन्स. शेजाऱ्याकडे मिस्त्रीचा मोबाईल नंबर होता, तेवढाच.

बेकरीताई_धुळे
सगळे लाखाच्या कामाचं बोलताय, माझ्यासारखीने काय करायचं? एक ओव्हन, एक मिक्सर, दोन फ्रीज. तीन कॉन्ट्रॅक्टरांना फोन केले, एक म्हणाला पाच लाखाच्या आतलं काम घेत नाही, दुसरा "बघतो" म्हणाला तो अजून बघतोच आहे, तिसऱ्याने उचललाच नाही. शेवटी गल्लीतल्या मुलाकडून केलं. सहा महिन्यांनी पॅनलमधला न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, ढिला झाला, दोनशे तीसच्या जागी कितीतरी जास्त व्होल्टेज आलं, फ्रीज, सीसीटीव्ही, बिलिंगचा कॉम्प्युटर सगळं एका मिनिटात गेलं. तोच मुलगा धावत आला, रडकुंडीला आला होता बिचारा. त्याने तारेच्या टोकाला थिंबल (धातूची टोपी) न लावता तार नुसती पिळून स्क्रूखाली दाबली होती. त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. मी चिडू कोणावर?

जिनवाला_चोपडा
ताई बरोबर बोलल्या. मोठे साहेब लहान कामाला येत नाहीत आणि मग मिस्त्रीला शिव्या. आमच्या मिस्त्रीला परमिट काढून द्या ना कोणीतरी, अनुभव तर वीस वर्षांचा आहे.

तारतंत्री
त्याला सांगा जळगावला विद्युत निरीक्षकाच्या ऑफिसात जाऊन चौकशी कर, फोनवर कोणी नीट सांगत नाही.

ताई, लहान कामाला कॉन्ट्रॅक्टर नको म्हणत असेल तर त्याच्याकडे कामाला असलेला परमिटवाला शोधा आणि काम बिलासकट त्या कॉन्ट्रॅक्टरच्या नावावरच करून घ्या. आणि माणूस ओळखायची माझी एक पद्धत, पिशवीत मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र, आहे का बघायचं. इन्सुलेशन न मोजता, अर्थिंग न मोजता जो लाईन चालू करतो तो लायसन्सवाला असला तरी मी त्याला दारातून परत पाठवीन. केळीवाले, तुमच्या चेंबरात तर नव्वद टक्क्यांच्या आसपास दमटपणा, तिथे साधे जंक्शन बॉक्स लावले तर वर्षात आतून गंजतात. आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडून शॉकपासून वाचवतो तो स्विच) सारखा पडतो म्हणून बायपास केलाय का तेही बघा.

केळीवाला_रावेर
आत्ता टॉर्च घेऊन बघून आलो. बायपास आहे.

दोन नंबरची लाईन बंद केली, तिथला माल बाकीच्या तीनमध्ये कोंबला. १ लाख १० वाल्याला उद्या बोलावलंय, सुपरवायझरचं नाव आधी लिहून मागणार. मिस्त्रीला काय सांगू तेवढं कळत नाहीये, आईच्या आजारपणात दवाखान्याला त्यानेच नेलं होतं.

जिनवाला_चोपडा
त्याला त्या सुपरवायझरच्या हाताखाली उभा करा, त्याची रोजची मजुरी तुम्ही द्या. लायसन्सचं मला अजून पटलेलं नाही. पण तो मेगर भाड्याने मिळतो का कुठे?