मदत हवी आहे: समानुभूतीचा सराव मराठीतून कसा घ्यायचा?

नमस्कार. सहा शिकाऊ मानसोपचारकांचा दर शनिवारी दोन तास सराव घेते. कार्ल रॉजर्स (समानुभूतीला, म्हणजे रुग्णाच्या जागी जाऊन समजून घेण्याला, उपचाराचा गाभा मानणारा मानसशास्त्रज्ञ) वाचून झालाय सगळ्यांचा. अडतंय ते तोंडून वाक्य निघताना.

मी रुग्ण होऊन म्हणते, "आई गेल्यापासून घर खायला उठतं." समोरून येतं, "झोप लागते का?" नाहीतर, "म्हणजे तुम्हाला असं वाटतंय की तुम्ही एकटे आहात." दुसरं चूक नाही, पण कानाला भाषांतर लागतं. घरात कोणी असं बोलतं का?

तिघातिघांत रोल-प्ले झाले. रेकॉर्डिंग ऐकून प्रश्न मोजले. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगमध्ये (रुग्णाला बदलाची कारणं स्वतःच सापडावीत अशी संवादपद्धत) एका प्रश्नामागे दोन रिफ्लेक्शन, म्हणजे रुग्णाचं म्हणणं आपल्या शब्दांत परत मांडणं, चांगली मानतात, तेच धरलं. प्रश्न कमी झाले, पोपटपंची वाढली. एकाच वाक्याला पाच वेगळी उत्तरं द्यायला लावली, तेव्हा चौथ्या-पाचव्याला जरा जीव आला.

खऱ्या रुग्णांची रेकॉर्डिंग वापरणार नाही. इंग्रजी क्लिप नकोत, आमचे रुग्ण मराठीतच रडतात.

मराठीतून सराव घेणाऱ्यांनी कृपया सांगा: चिडलेला किंवा गप्प बसलेला रुग्ण उभा करायला काय वापरता, आणि "तुम्हाला असं वाटतंय की"च्या जागी कोणती वाक्यं शिकवता?