मदत हवी आहे : कोल्हेकुईची भीती जन्मजात असते का? लेक रात्री झोपत नाही

मांजराकाठची :
नमस्कार. दीड महिन्यापूर्वी लातूरहून आम्ही धाराशिवच्या कळंब तालुक्यात सासरच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, राहायला आलो. मामंजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, रब्बीची ज्वारी उभी आहे आणि ह्यांचं काम घरून चालतं. घर गावापासून दोन किलोमीटर. मागं ओढा, ओढ्यापलीकडं ज्वारी नि ऊस.

पहिल्याच रात्री नऊच्या सुमारास ओढ्यातून एक कोल्हा ओरडला. दुसऱ्यानं साथ धरली, आणि बघता बघता वीस-पंचवीस तान्ही बाळं एकदम रडायला लागावीत असा गलका झाला. मी भाकरी थापत होते. परातीतला हात तसाच राहिला, मानेपासून दंडापर्यंत काटा आला. मी जन्मात कोल्हा पाहिलेला नाही. मग माझ्या अंगाला कुणी सांगितलं, की याला भ्यायचं?

लेक चार वर्षांची आहे. त्या दिवसापासून दिवेलागणीला ती मला सोडत नाही. झोपेत दचकून उठते आणि विचारते, "आई, ते आलं का?" नऊ महिन्यांचा मुलगा मात्र त्या रात्री रांगता रांगता थांबला, आवाजाकडं मान वळवली, डोळे मोठे करून ऐकलं आणि परत वाटी आपटायला लागला. हाच पोरगा मिक्सर सुरू केला की ओठ काढून रडतो.

आत्याबाई म्हणतात, ही भालू आहे, कोल्ह्याची वाईट हाक, ऐकू नये. लगेच दाराला कडी लावतात, उंबऱ्यापाशी चप्पल उलटी ठेवतात. हे म्हणतात, रक्तातच असतं ते, आपण काय करणार. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ही भीती खरंच जन्मतः येते का? आणि लेकीसाठी काय करू? "होईल सवय" एवढंच कृपा करून सांगू नका. पोर वाळत चाललीय.

बालाघाटी :
ताई, अंबाजोगाईत बरीच वर्षं मानसशास्त्र शिकवलं, त्या आधारावर लिहितो. तुमच्या मुलाचं तुम्ही जे टिपलंय, त्यातच अर्धं उत्तर आहे.

अचानक झालेल्या मोठ्या आवाजाला दचकणं जन्मतः असतं. मिक्सर म्हणजे तेच. 1920 मध्ये अमेरिकेत वॉटसन आणि रेनर यांनी एका तान्ह्या मुलावर प्रयोग केला. त्याला पांढऱ्या उंदराची भीती नव्हती. मग तो उंदराला हात लावायला गेला की मागं लोखंडी कांबीवर हातोडा मारायचे. काही दिवसांत पोर नुसत्या उंदराला बघून रडायला लागलं. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही, आणि देऊही नये. पण आवाजाचं भय आधीपासूनचं आणि प्राण्याचं मागाहून चिकटवलेलं, हे त्यातून दिसतं.

तरी सगळंच शिकवलेलं आहे असंही नाही. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 9 महिन्यांच्या बाळांना सापाचा फुत्कार, रागावलेला माणूस, जाळाचा तडतडाट असे माणसाच्या जुन्या धोक्यांचे आवाज ऐकवले, आणि आजच्या काळातल्या धोक्यांचेही. जुन्या आवाजांकडं बाळांनी जास्त कान टवकारले. याला भीती म्हणता येत नाही, हे लक्ष दिलं जाणं आहे. तुमचा मुलगा वाटी सोडून ऐकत राहिला ना, मला तरी ते याच जातीचं वाटतं.

पुढचा टप्पा माकडांवरच्या कामात दिसतो. प्रयोगशाळेत वाढलेली माकडं सापाला भीत नव्हती. रानातलं माकड सापाला घाबरतंय हे त्यांना दाखवलं, आणि तीही भ्यायला लागली. चित्रफितीत फेरफार करून तेच माकड फुलाला घाबरतंय असं दाखवलं, तर फुलाची भीती मात्र बसली नाही. म्हणजे जमीन नांगरून तयार असते, बी दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून पडतं.

आता तुमचा काटा. किंकाळीत आवाजाचा जोर सेकंदाला 30 ते 150 वेळा कमी-जास्त होतो, त्यानं एक खरखर येते. 2015 मधल्या संशोधनात असं दिसलं, की मेंदूतलं धोका ओळखणारं केंद्र या खरखरीला लगेच जागं होतं. तुम्हाला "तान्ही बाळं रडल्यासारखं" वाटलं. कडेला बाळ असलेल्या आईला तेवढं पुरेसं आहे.

एक विचारतो. त्या रात्री लेक आधी दाराकडं वळली, की तुमच्याकडं?

कोपीतला :
ताई, मी ऊसतोड कामगाराचा मुलगा, बीड जिल्ह्यातला. दरवर्षी दिवाळीनंतर आम्ही कारखान्याच्या फडावर, कोपीत म्हणजे पाचटाच्या झोपडीत राहायचो. कोल्हे तर कोपीच्या मागच्या बाजूलाच ओरडायचे. आम्हा पोरांना त्याची अंगाई असल्यासारखी झोप लागायची. कारण माय त्या आवाजात भाकरी करत राहायची. तिचा हात थांबायचा नाही.

तिचा हात थांबायचा तो कुत्री गप्प झाल्यावर. भुंकता भुंकता कुत्रं एकदम कोपीत शिरलं, अंग चोरून बसलं, की माय आम्हाला मधी ओढायची आणि मोठ्यानं बोलायला लागायची. आज मी पस्तिशीचा आहे, लातूर रोडला नोकरी करतो. कोल्हेकुईनं काही होत नाही. पण गल्लीतली कुत्री एकदम गप्प झाली, की अजून छातीत धडधडतं.

माजी वनमजूर :
आज्जींना हसू नका कुणी. भालू ही कोल्ह्याचीच हाक आहे, पण रोजच्या कोल्हेकुईसारखी नसते. एकच कोल्हा, थांबून थांबून, चिरकं ओरडतो. वाघ-बिबट्या जवळ असला की कोल्हा असा ओरडतो, हे जुनी माणसं ओळखून होती. बिबट्याचं ओरडणं करवतीनं लाकूड कापल्यासारखं असतं, घरघर, खंड, घरघर. तुम्ही लिहिलाय तो गलका साध्या कोल्ह्यांचा. दोन-तीन असले तरी पंधरा वाटतात. थंडीत त्यांच्या जोड्या जमतात म्हणून ओरडा वाढतो. ज्वारीतले उंदीर खातात, तुमचा फायदाच करतात.

पण भीती पार काढून टाकू नका. 2020 मध्ये आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, आणि 2024 च्या डिसेंबरात येडशीच्या अभयारण्यात वाघ दिसला, यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून चालत आलेला. येडशी तुमच्यापासून लांब नाही. अंधारात पोरीला एकटी परसाकडं बसवू नका, बाहेर निघताना काठी आपटत, बोलत निघा. आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात पाणवठ्यांवर माणसाचं साधं बोलणं ऐकवलं, तर सिंहाच्या गुरगुरण्यापेक्षा त्यालाच जास्त जनावरं पळाली, हे 2023 साली छापून आलंय. पोरीला हे सांगा. दिवसाढवळ्या अंगावर येणारा कोल्हा मात्र पिसाळलेला असू शकतो. चावला तर जखम साबणानं 15 मिनिटं धुवून तडक दवाखान्यात लसीला जायचं. बिबट्याचा माग दिसला तर वनखात्याचा 1926 नंबर लावा.

मांजराकाठची :
दहा दिवसांनी लिहितेय. बालाघाटी सर, तुमचा प्रश्न वाचून मी रात्रभर आठवत होते. ती माझ्याकडंच वळली होती. परातीतल्या माझ्या हाताकडं बघत होती.

दुसऱ्या दिवसापासून आवाज सुरू झाला की मी थापणं थांबवत नाही. पहिले तीन दिवस मला ते जमत नव्हतं, भाकरी तव्यावर टाकताना दुमडायची. आत्याबाईंशी बोलले. त्यांना भालू आणि कोल्हेकुई यातला फरक पक्का ठाऊक निघाला. त्यांच्या लहानपणी त्यांच्या चुलत्याचं वासरू बिबट्यानं नेलं, त्या रात्री त्यांनी भालू ऐकली होती. पन्नास वर्षांनी त्या कडी लावतात ती त्या रात्रीची. हे त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. आता आत्याबाईच लेकीला मांडीवर घेऊन म्हणतात, "हे साधंच हाय गं, बोरं खायला आलेत." कडी अजून लावतात, मी लावू देते.

परवा लेकीनं बोटांवर मोजलं, "आई, तीनच आहेत." झोपेत अजून उठते, पण रोज नाही.

आता नवीन अडचण. घरामागच्या चिंचेवर पिंगळ्याची, म्हणजे छोट्या घुबडांची, जोडी आहे. पहाटे चिर्र्र करून भांडतात आणि ती ताडकन उठून बसते. पिंगळा दिवसा दाखवता येतो का, कुठल्या वेळेला ढोलीबाहेर बसतो? कुणाला माहीत असेल तर सांगा, म्हणजे तिला बाजेवर बसवून लांबून दाखवते.