‘सार्वजनिक कला’ की ‘समूहकला’?

प्रश्न (चाळीसगाव) : गावकऱ्यांना सोबत घेऊन, त्यांच्या पाण्याचा, झाडांचा किंवा स्थलांतराचा प्रश्न हाताळत चौकात वा विहिरीपाशी उभारलेल्या कलाकृतीला मराठीत काय म्हणावे? ‘सार्वजनिक कला’ म्हटले की उड्डाणपुलाखालचे रंगवलेले खांब डोळ्यांसमोर येतात. ‘समाजसंलग्न कला’ असेही वाचले. पण ‘संलग्न’ म्हटले की महाविद्यालयाची पाटीच आठवते.

उत्तर (धुळे) : ‘लोककला’ हा शब्द परंपरागत कलांसाठी रूढ झाला आहे, आणि ‘सामाजिक बांधिलकी’तून केवळ कलावंताची भूमिका कळते. ‘समूहकला’ म्हणावे. आपल्याकडे खानदेशात कानबाई देवीच्या सणाचे रोट, म्हणजे तिचा प्रसाद, सारी भाऊबंदकी मिळून करते. तसाच हा एकत्र येण्याचा भाव आहे.

उत्तर (यावल) : रोटाच्या उदाहरणानेच ‘समूहकला’ अडचणीत येते, कारण अनेक घरांत तो प्रसाद भाऊबंदकीबाहेर दिला जात नाही. समूहाला कुंपण असते. येथे तर परक्यालाही जागा हवी. ‘सार्वजनिक’ शब्दाची संस्कृत व्याकरणातील व्युत्पत्ती ‘सर्व जनांना हितकर’ अशी आहे. सरकारी मालकीचा वास त्याला बांधकाम खात्याच्या पाट्यांमुळे नंतर लागला असावा.

याच अर्थाने पाहिले तर आमच्या तालुक्यातले फैजपूर आठवते. डिसेंबर 1936 मध्ये खेड्यात भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनासाठी गांधीजींच्या आग्रहावरून शांतिनिकेतनचे नंदलाल बोस येथे आले आणि त्यांनी बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून, गावच्या कारागिरांच्या हातांनी टिळकनगर, म्हणजे अधिवेशनाची जागा, सजवले. बंगालचा चित्रकार आणि खानदेशातले कारागीर यांना एका ‘समूहा’त बसवणे ओढाताणीचे होईल, ‘सार्वजनिक’मध्ये ते सहज बसतात.

बस्तरमधील कोंडागाव येथे मुंबईच्या कलावंत नवज्योत अल्ताफ यांनी आदिवासी कलावंतांसह ‘नलपार’ घडवले, म्हणजे हातपंपाभोवतीच्या जागाच नव्याने रचल्या. हंडे-घागरी टेकवायला सोय आणि वाहून जाणाऱ्या पाण्याला वाट हा तेथे शिल्पाचाच भाग आहे. जर्मनीत कलावंत योझेफ बॉइस यांनी 1982 मध्ये कासेल शहरात 7000 ओक वृक्ष लावण्याचे काम सुरू केले. प्रत्येक झाडाशेजारी बेसाल्टचा एक दगड उभा राहिला, आणि बॉइस यांच्या निधनानंतर, 1987 मध्ये, ते काम पूर्ण झाले. सर्वांनी मिळून समाज घडवणे हीच कला, या अर्थाचा त्यांचा ‘सामाजिक शिल्प’ हा शब्द मराठीत जसाच्या तसा चालेल, मात्र त्यांच्या विचाराविषयी लिहितानाच.

प्रश्नकर्ता (चाळीसगाव) : मग रंगवलेल्या खांबांना काय म्हणायचे?

उत्तर (यावल) : खांबांवरची चित्रे. भिंत असेल तर भित्तिचित्र. माझी खरी हरकत क्रियापदाला आहे. ‘अमुक कलावंताने गावात कलाकृती साकारली’ असे छापले की गावाला केवळ स्थळवाचक सप्तमी उरते. ‘गावाने अमुक कलावंतासह उभारली’ असे लिहिले, तर गाव कर्त्याच्या जागी येते आणि ‘सार्वजनिक’च्या आधी दुसरे विशेषण लावावे लागत नाही.