वेग २५% वाढला, तर वेळ २५% कमी का धरायचा नाही?

सराव_चालू:
तलाठी भरतीच्या सरावातलं गणित: बस सकाळी ९:४० ला सुटून दुपारी १:०० ला पोहोचते. वेग २५% वाढवला तर किती वाजता पोहोचेल? मी वेळ ३.२० तास धरला, त्याचे २५% म्हणजे ०.८० वजा केले, उरले २.४०. म्हणजे २ तास ४० मिनिटं, उत्तर १२:२०. सूचीतही १२:२०च आहे. पुढच्या गणितात प्रवास २ तास ४० मिनिटांचा, बाकी सगळं तेच. तिथे १.८० आले, म्हणजे २ तास २० मिनिटं. सूचीत मात्र २ तास ८ मिनिटं दिलंय. छपाईची चूक आहे का?

त्रैराशिक:
सूची दोन्हीकडे बरोबर आहे. पहिलं उत्तर योगायोगाने जुळलं, आणि अशी जुळलेली उत्तरंच जास्त घातक, कारण पद्धत तपासली जात नाही.

३ तास २० मिनिटं म्हणजे ३.२० तास नव्हे, ३.३३ तास. तुम्ही ३.२० मधून ०.८० वजा करताना उसना घेतलेला तास ६० ऐवजी १०० मिनिटांचा झाला, म्हणजे ४० मिनिटं फुकट मिळाली. म्हणून ८० वजा करूनही खरी घट ४० मिनिटांचीच झाली, आणि हवी होती तीही नेमकी ४०. दुसऱ्या गणितात ६० मधून तीच ४० गेली, घट २० राहिली. हवी होती ३२.

आधी सगळं मिनिटांत आणा: २०० मिनिटं. अंतर तेच असल्यामुळे वेग आणि वेळ व्यस्त प्रमाणात असतात. वेग १००चा १२५, म्हणजे ५/४ पट झाला, तर वेळ ४/५ पट. २०० × ४/५ = १६०. दुसऱ्यात १६० × ४/५ = १२८, म्हणजे २ तास ८ मिनिटं.

पाढे_पाठ:
यात भर. वेग २०% वाढला तर वेळ १/६ ने घटतो, २५% वाढला तर १/५ ने, ५०% वाढला तर १/३ ने. उलट प्रश्नही येतो: वेळ २५% वाचवायचा तर वेग किती वाढवावा? उत्तर ३३ १/३%. पर्यायांत २५% हमखास असतो, घाईत तोच निवडला जातो.

सराव_चालू:
समजलं, आभार. मध्यरात्र ओलांडणारी गाडी असेल आणि थांबेही दिले असतील तर?

त्रैराशिक:
थांबे आधी वेगळे काढा, वेग वाढला म्हणून थांबा लहान होत नाही. समजा गाडी रात्री १०:५० ला सुटून सकाळी ६:२० ला पोहोचते, थांबे एकूण ५० मिनिटं. बारापर्यंत ७० मिनिटं, पुढे ३८०, एकूण ४५०. बारापाशी असे दोन तुकडे केले की चूक होत नाही. प्रत्यक्ष धाव ४०० मिनिटं. वेग २५% वाढला की ३२०, त्यात थांब्यांची ५० मिळवा: ३७०, म्हणजे ६ तास १० मिनिटं. गाडी पहाटे ५:०० ला पोहोचेल. थेट ४५० चे ४/५ केलेत तर ४:५० येतं.

पाढे_पाठ:
आणि प्रश्नात ‘वेग २५% वाढवला’ आहे की ‘वेग नेहमीच्या २५% केला’, हे नीट वाचा. दुसऱ्यात वेळ चौपट होतो.