विडंबन म्हणजे सरसकट सूट नव्हे

‘डेड मेन डोन्ट वेअर प्लेड’ (१९८२) या विनोदी अमेरिकी गुप्तहेरपटातील नायकाचे स्त्रियांशी वागणे हे जुन्या गुन्हेपटांचे विडंबन आहे, त्यामुळे त्यावर आक्षेप घेऊ नये, हे मत मला पटत नाही. दिग्दर्शक कार्ल रायनर यांनी प्रकाश, पोशाख आणि कॅमेऱ्याचा कोन जुळवत नायक झालेल्या स्टीव्ह मार्टिनला हम्फ्री बोगार्ट, इन्ग्रिड बर्गमन अशा कलाकारांच्या जुन्या चित्रपटांतील मूळ कृष्णधवल दृश्यांत ज्या सफाईने बसवले आहे, ती आजही थक्क करते. नायिका ज्युलिएट नायकाला लागलेली गोळी तोंडाने ओढून काढते, हे अतिशयोक्तीचे विडंबनही मला मनापासून आवडते.

मात्र हीच ज्युलिएट बेशुद्ध पडल्यावर नायक तिची छाती चाचपतो, ती शुद्धीवर येताच ‘जागेवरून सरकले होते, नीट करत होतो’ अशा अर्थाचे उत्तर देतो आणि ती चक्क त्याचे आभार मानते. १९४०च्या दशकातील त्या जुन्या गुन्हेपटांमधली स्त्री धूर्त असे, प्रसंगी पुरुषाला देशोधडीला लावत असे. तिच्या बेशुद्धीचा असा फायदा घेणे ही त्या शैलीची खूण नव्हती. ज्याचे विडंबन करावे असे मुळात काही नसताना हा विनोद १९८२ सालच्या लेखकांनी स्वतःहून घातला आहे आणि त्याचा दोष त्यांच्याकडेच जातो.