हॉलमध्ये ह्यूई न्यूटनचं पोस्टर लावायचं का? घरात तीन दिवस वाद चाललाय

रातराणी_ठाणे:
भाचा बर्कलेला शिकतो, येताना एका जुन्या पोस्टरची प्रिंट घेऊन आला. १९६७ चं, ब्लॅक पँथर पार्टीच्या (अमेरिकेतल्या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना) ह्यूई न्यूटनचं. मोराच्या पिसाऱ्यासारखी पाठ असलेली वेताची खुर्ची, त्यात हा पंचविशीतला पोरगा काळं लेदर जॅकेट आणि तिरकी बेरे टोपी घालून बसलाय, एका हातात रायफल, दुसऱ्यात भाला, पायाखाली झेब्र्याचं कातडं. खाली मजकूर, थोडक्यात असा की वर्णद्वेष्ट्या पोलिसांनी आमच्या वस्त्यांतून ताबडतोब निघावं, नाहीतर हत्यारबंद जनतेच्या रागाला तोंड द्यावं. नवरा म्हणतो पाहुणे येतात, बंदूकवाला नको. मला तर लावावंसं वाटतंय. तुम्ही काय म्हणता?

काका_कोथरूड:
अजिबात लावू नका. उद्या कुणी आपल्याकडच्या बंदूकवाल्याचा फोटो लावला तर चालेल का? परदेशातला म्हणून रोमँटिक वाटतो एवढंच.

वरळीचा_पोरगा:
काका, बंदूक का हातात घेतली तेवढं तरी बघा की. १९६६ च्या ऑक्टोबरात ओकलंडमध्ये न्यूटन आणि बॉबी सील यांनी पार्टी काढली, तेव्हा कॅलिफोर्नियात भरलेली बंदूक उघड बाळगणं कायदेशीर होतं. पोलीस काळ्या माणसाला रस्त्यात अडवायचे तेव्हा ही पोरं गाडीतून उतरून कायद्याने ठरलेलं अंतर राखून उभी राहायची, बंदूक आणि सोबत कायद्याचं पुस्तक, आणि अडवलेल्याला त्याचे हक्क मोठ्याने सांगायची. मग काय, १९६७ मध्येच कायदा बदलला, सही गव्हर्नर रेगनची. काळ्यांच्या हातात बंदूक दिसली आणि लगेच सगळ्यांना बंदूकबंदी आठवली. आमच्या घरी हे नाव लहानपणापासून माहीत, कारण १९७२ मध्ये ढसाळ, ढाले, ज. वि. पवार यांनी मुंबईत दलित पँथर काढली तेव्हा नाव तिथूनच घेतलं. वडील बीडीडी चाळीतले, १९७४ ची दंगल डोळ्यांनी बघितलेले.

काका_कोथरूड:
दलित पँथरबद्दल आदर आहेच, पण तो वेगळा विषय. मी या माणसाबद्दल बोलतोय. ऑक्टोबर ६७ मध्ये गोळीबारात एक पोलीस मेला, याला शिक्षा झाली.

वरळीचा_पोरगा:
शिक्षा १९७० मध्ये रद्द झाली तेही सांगा ना. पुन्हा दोनदा खटला चालला, दोन्ही वेळा ज्युरीचं एकमत नाही, शेवटी केस मागे घेतली. आणि त्याला स्वतःलाही पोटात गोळी लागली होती.

निळी_शाई:
मला दोघांचंही अर्धंच पटतं. हे पोस्टर म्हणजे मांडलेला देखावा आहे हो, दिवाळीतल्या किल्ल्यासारखा. खुर्ची, भाला, ढाली, सगळं पार्टीचाच एक नेता एल्ड्रिज क्लीव्हर, त्याने जुळवून आणलं, सहज काढलेला फोटो नाहीये तो. आणि कमाल बघा, न्यूटन जेलमध्ये गेल्यावर फेब्रुवारी ६८ मध्ये त्याच्या वाढदिवसाला ओकलंडमध्ये सभा झाली तर स्टेजवर नुसती रिकामी वेताची खुर्ची ठेवली. माणूस नाही, खुर्ची! सप्टेंबरात निकाल लागल्यावर दोन पोलिसांनी पार्टीच्या ऑफिसच्या काचेवर गोळ्या झाडल्या, आत हेच पोस्टर लावलेलं. काचेला भोकं, मागे हा तसाच बसलेला, तो फोटो बघाच. पोलिसांना तरी कुठे कळत होतं आपण माणसावर झाडतोय की कागदावर.

वरळीचा_पोरगा:
म्हणूनच लावायचं!

सुमन_ता:
थांबा जरा. १९७४ मध्ये याच न्यूटनवर ओकलंडमधल्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या खुनाचा आरोप आला, तो क्यूबाला निघून गेला, ७७ ला परतला, ज्युरीचं एकमत दोन्ही वेळा झालं नाही. सिद्ध झालं नाही, मान्य. पण ती मुलगीही गरीब, काळी, धंद्यावर उभी राहणारी. तिचं पोस्टर कुणी काढलं नाही. भिंतीवर कुणाला बसवायचं ठरवताना हे मनात यायला नको का?

वरळीचा_पोरगा:
ताई, मुलांना फुकट न्याहारी देणंही याच पार्टीने सुरू केलं, जानेवारी ६९, ओकलंडच्या चर्चमध्ये.

सुमन_ता:
तेव्हा तो जेलमध्ये होता. न्याहारी रांधली कुणी, तर त्या चर्चमधल्या आणि वस्तीतल्या बायकांनी. त्यांचं पोस्टर असेल तर मी दोन घेते.

वरळीचा_पोरगा:
...हे मात्र बिनतोड आहे. तरी माझं मत तेच. ८९ मध्ये तो वेस्ट ओकलंडमध्येच गोळी लागून गेला, तोपर्यंत व्यसन, भांडणं, सगळं झालं होतं, मी कुठे नाकारतोय. पण पोस्टर ६७ चं आहे, तेव्हाच्या त्या पोराचं.

काका_कोथरूड:
आमच्या हिने हे सगळं वाचून विचारलं, वेताची खुर्ची कुठे मिळते. घ्या आता.

रातराणी_ठाणे:
सगळं वाचलं. सुमनताईंचा मुद्दा दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. शेवटी हॉलमध्ये नाही, आतल्या खोलीत पुस्तकांच्या कपाटाशेजारी लावायचं ठरलं, आणि न्याहारी वाढणाऱ्यांचा फोटो शोधायला भाच्याला सांगितलंय, शेजारची जागा मोकळी ठेवलीये. फ्रेमवाल्याकडे काल टाकून आले. काच साधी की बिनचकाकीची, हे विचारून झाल्यावर तो बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, ताई, हे वेस्ट इंडीजकडून खेळायचे का?